दर आठवड्याला मासे मरतात: दोष नागपूरच्या उन्हाचा की टँक धुण्याच्या पद्धतीचा?

नमस्कार ताई,

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मानेवाड्याला राहता. मार्चमध्ये मुलाच्या वाढदिवसाला सीताबर्डीतून दोन फुटी टँक आणला. सोबत चार गोल्डफिश, दोन काळे शार्क, एक सकर आणि सहा मॉली. दर रविवारी टँक पूर्ण रिकामा करून खडी, फिल्टर, काच सगळे घासूनपुसून धुता आणि नवे पाणी भरता. तरी मंगळवार-बुधवारपर्यंत मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करतात आणि एखाददुसरा मरतोच. दुकानदाराने आधी निळे औषध दिले, मग पिवळे. आता मे लागला आहे आणि दोन गोल्डफिश, एक शार्क, सकर आणि तीन मॉली उरले आहेत. पाणी नळाचे आणि बोअरचे, छतावरच्या टाकीत एकत्र होते. तुम्ही विचारता की आता कोणते औषध घालू, आणि आपल्याकडच्या उन्हात मासे जगतात तरी का?

जगतात. नागपुरात घरोघरी आणि दवाखान्यांमध्ये टँक लावून देणे आणि ते सांभाळणे हेच माझे काम आहे. मे महिन्यातही बहुतेक टँक नीट चालतात. औषधाबद्दल सांगायचे तर आत्ता कुठलेच घालू नका. तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून मला आजार दिसत नाही. मला दिसतो तो दर रविवारी पुन्हा नवा होणारा टँक. उन्हाने त्यात भर घातली आहे, पण मूळ कारण ऊन नव्हे.

मासा कधी मरतो ते मी सगळ्यात आधी विचारतो, कारण वेळेवरून बरेच कळते. पाणी बदलल्यावर दोन-चार तासांतच मासे सैरभैर झाले, काचेवर आपटू लागले, तर संशय क्लोरीनवर किंवा पाण्याच्या तापमानातल्या फरकावर. भर दुपारी किंवा लाइट गेल्यावर सगळे एकदम वर आले, तर ऑक्सिजन कमी पडला. आठवडेच्या आठवडे एकेक मासा सुकत गेला, अंगावर ठिपके किंवा कापसासारखे काही दिसले, तर आजार. आणि पाणी बदलल्यावर एक-दीड दिवस सगळे छान, मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मासे मंद, कल्ले लालसर, वर येऊन श्वास, तर बहुतेक वेळा तो अमोनिया असतो. तुमचे रविवार ते बुधवारचे गणित या शेवटच्या प्रकारात बसते. टेस्ट किटने पाहिल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही. पण पैज लावायची तर मी यावरच लावीन.

अमोनिया येतो कुठून? मासे तो मुख्यतः कल्ल्यांतूनच बाहेर टाकतात. शिवाय विष्ठा आणि उरलेले खाणे कुजून आणखी तयार होतो. नदी-तळ्यात एवढ्याशा माशांमागे अफाट पाणी असते. तुमच्या दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ भरले तरी सुमारे ५६ लिटर मावते. खडी आणि वर सोडलेली जागा वजा केली की जेमतेम ४५ लिटर. एवढ्या पाण्यात अमोनिया दोन दिवसांत घातक पातळीवर जाऊ शकतो.

चालत्या टँकमध्ये तो साचत नाही, कारण तिथे जिवाणू राहतात. एक गट अमोनियाचे नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी. नायट्रेट त्या मानाने सौम्य, तो आठवड्याच्या थोड्या पाणीबदलाने आटोक्यात राहतो. हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नसतात. ते चिकटून राहतात, फिल्टरच्या स्पंजवर, खडीवर, काचेवर. स्पंज हातात घेतला की जो तपकिरी बुळबुळीतपणा लागतो, त्यातच ते असतात. नव्या टँकमध्ये त्यांची पुरेशी वाढ व्हायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

आणि तुम्ही दर सातव्या दिवशी तो तपकिरी थर नळाखाली धरून पांढराशुभ्र करता. उरलेले जिवाणू नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने जातात. वर निळे औषध. ते बहुधा मिथिलीन ब्लू असावे, आणि तेही या जिवाणूंना मारते. म्हणजे मार्चपासून आजपर्यंत तुमच्या टँकला सहा आठवडे सलग मिळालेलेच नाहीत. तुम्ही मेहनत कमी केली असती, तर मासे जास्त जगले असते. यात तुमचा दोष मी मानत नाही. स्वयंपाकघर जितके घासू तितके चांगले, तोच नियम इथेही लागू असेल असे कोणालाही वाटेल, आणि टँक विकताना हे कोणी सांगत नाही.

आता ऊन यात कुठे येते ते बघा. पाण्यातला सगळा अमोनिया सारखा विषारी नसतो. त्याचा जो भाग मुक्त अमोनिया म्हणून असतो तोच जास्त मारक, आणि तो भाग पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी याचे माप) आणि तापमान यांच्याबरोबर वाढतो. पीएच ७ आणि तापमान २५ अंश असेल तर एकूण अमोनियाचा अर्धा टक्का किंवा थोडा जास्त भाग मुक्त असतो. पीएच ८ आणि तापमान ३२ अंश झाले की तोच भाग आठ टक्क्यांच्या वर जातो. तेवढीच घाण, तेवढेच मासे, पण विष दहापटीहून जास्त. आपल्याकडच्या बऱ्याच बोअरचे पाणी जड, म्हणजे जास्त क्षारांचे असते आणि पीएच आठच्या आसपास सापडतो. बोअर कुठल्या भागात, किती खोल, यावर फरक पडतो, म्हणून तुमच्या घरचे मोजल्याशिवाय आकडा धरू नका. त्यात ऑक्सिजनही घटतो. २५ अंशाला एका लिटर पाण्यात जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळतो, ३५ अंशाला सात मिलिग्रॅमच्याही खाली. पाणी तापते तशी माशाची ऑक्सिजनची गरज मात्र वाढत जाते. म्हणून जो टँक डिसेंबरात कसाबसा निभावून नेतो, तो मे महिन्यात निभावत नाही.

आज संध्याकाळपासून काय करायचे ते सांगतो.

पूर्ण पाणी बदलणे बंद. त्याऐवजी एक दिवसाआड चौथा हिस्सा, म्हणजे दहा-बारा लिटर बदला. हे काम पहाटे करा. छतावरच्या टाकीतले पाणी दुपारी दोनला नळातून हात पोळेल असे येते, आणि रात्री नऊ-दहालाही कोमटच असते. सकाळी पाच-सहाला ते सगळ्यात थंड मिळते. आदल्या रात्री बादलीत भरून घरात ठेवले तर आणखी बरे. त्यात दुकानात मिळणारे अँटीक्लोरीन बाटलीवरच्या मापाने टाका. रात्रभर उघडे ठेवून क्लोरीन बरेच उडते, पण मी त्यावर विसंबत नाही. ते थेंब स्वस्त आहेत. बादलीतल्या पाण्यात आणि टँकमध्ये हात घालून बघा, फरक जाणवला तर थांबा. नवे पाणी मग्ग्याने हळूहळू सोडा.

फिल्टर चोवीस तास चालू. रात्री आवाज येतो म्हणून बंद करायचा नाही. स्पंजमधून पाणी जाईनासे झाले तरच तो काढा, आणि टँकमधूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत दोनदा दाबून परत लावा. नळाखाली कधीच नाही. स्पंज तपकिरी दिसला पाहिजे. खडीतली घाण सायफनच्या नळीने, पाणी काढताना, एका वेळी अर्ध्या भागातली ओढून घ्या.

खाणे कमी. मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच, आणि सध्या दिवसाआड. मुलाला सांगा की मासे उपाशी मरत नाहीत, मोठा निरोगी मासा तीन-चार दिवस न खाता सहज राहतो. हे मुलांना सगळ्यात अवघड जाते. तो दिवसातून पाच वेळा डबी घेऊन उभा राहणार. एका लहान डबीत आठवड्याचे खाणे मोजून काढून द्या आणि बाकीचे वर ठेवा.

टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइट मोजणारे. सुरुवातीला अमोनिया दिसेल, काही दिवसांनी तो उतरेल आणि नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. दोन्ही शून्यावर येऊन आठवडाभर तिथेच राहिले की टँक तयार झाला. नायट्राइट चढलेला असताना एका लिटरला एक ग्रॅम या मापाने खडे मीठ द्या. तुमच्या टँकला ४५ ग्रॅम. ते मग्ग्यात विरघळवून अर्धे संध्याकाळी, अर्धे दुसऱ्या सकाळी. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतो आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद मारतो. मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यांपाशीच अडवतो. पुढे पाणी बदलाल तेव्हा काढलेल्या पाण्यापुरतेच मीठ पुन्हा घाला, सरसकट घालत राहू नका.

सहा आठवडे थांबायचे नसेल तर एक जवळचा रस्ता आहे. ओळखीत कोणाचा वर्ष-दोन वर्षे चाललेला, मासे न मरणारा टँक असेल तर त्यांच्या फिल्टरचा जुना स्पंज मागून आणा. ओला, टँकच्याच पाण्यात बुडवून, तासाभरात. तो तुमच्या फिल्टरला जोडून ठेवला की विरजणासारखे काम करतो. त्यांच्या टँकचे नुसते पाणी आणून फारसा उपयोग नाही, जिवाणू त्यात थोडेच असतात. आजारी टँकचा स्पंज मात्र फुकट मिळाला तरी नको.

दुसरी अडचण माशांच्या निवडीची आहे, आणि ती साफसफाईने सुटणार नाही. गोल्डफिश हा थंड पाण्याचा मासा. त्याला १८ ते २४ अंश मानवते, तो खूप घाण करतो आणि नीट वाढला तर वीतभर किंवा त्याहून मोठा होतो. नागपूरच्या उन्हाळ्यात दोन फुटी टँकमध्ये चार गोल्डफिश ठेवायला मी कधीच सांगणार नाही. काळा शार्क म्हणून जो विकतात तो शार्क नाहीच, बाजारात खायला मिळणारा पंगस तोच. तो एक मीटरहून लांब होणारा मासा आहे. हातभर होईल तोवर तो तुमच्या टँकमध्ये काचेला धडकून नाक फोडून घेईल. सकरही फूटभराच्या वर जातो. आणि तो टँक साफ करतो असे सांगून विकतात, पण तो स्वतःच भरपूर विष्ठा करतो. म्हणजे तुमच्या यादीत त्या टँकला शोभणारा मासा एकच होता, मॉली.

दुकानदाराशी बोला. बरेच दुकानदार मासे परत घेतात, पैसे नाही दिले तरी बदल्यात काही देतात. गोल्डफिश, पंगस आणि सकर परत गेले तर टँकवरचा भार एका दिवसात निम्म्याहून कमी होईल. कोणी घेतले नाहीत तर मला लिहा, मोठ्या टँकवाल्यांना विचारू. एक हात जोडून विनंती आहे. फुटाळ्यात, अंबाझरीत किंवा कुठल्याही तलावात सोडू नका. सकर आपल्या पाण्यातला मासा नाही. देशात अनेक ठिकाणी तो तलाव-नद्यांत पसरून बसला आहे, स्थानिक माशांची अंडी खातो, काठ पोखरतो, आणि जाळ्यात आला की त्याच्या काट्यांनी जाळे फाटते. त्याचा फटका ढिवर बांधवांच्या पोटाला बसतो.

मग आपल्या पाण्यात आणि उन्हात कोण टिकते? माझी पहिली पसंती गोरामी. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असतो, त्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. पाण्यात ऑक्सिजन कमी पडला, दुपारी दोन तास लाइट गेली, तरी तो तग धरतो. त्यातला बटू गोरामी तर मुळात आपल्याच देशातला, गंगेच्या खोऱ्यातला. मॉली आणि गप्पी यांना जड, बोअरसारखे पाणी उलट आवडते. डास मारायला डबक्यांत आणि विहिरींत सोडतात तोच गप्पी, यावरून त्याची चिकाटी कळते. झेब्रा डॅनिओसुद्धा भारतातला आणि काटक. निऑन टेट्रा दिसायला सुंदर, पण त्याला मऊ पाणी लागते, बोअरवर तो हळूहळू खंगतो. ज्यांच्याकडे फक्त नळाचे पाणी आहे त्यांनी फार तर विचार करावा.

उन्हाबद्दल आता सविस्तर, कारण इथे आपल्याला एक फायदा आहे जो मुंबईवाल्यांना नाही. आपला मे कोरडा असतो. कूलर ज्या तत्त्वावर चालतो तेच टँकला लागू होते: पाणी उडताना उष्णता घेऊन जाते. एक लिटर पाणी उडाले तर ते जेवढी उष्णता नेते, तेवढी काढून घेतली तर तुमच्या टँकमधले ४५ लिटर पाणी बारा-तेरा अंशांनी थंड झाले असते. प्रत्यक्षात खोलीतून उष्णता सतत परत येत असते, म्हणून हाती दोन ते चार अंश लागतात. पण ३४ आणि ३१ यांतला फरक म्हणजे माशाचा जीव.

करायचे एवढेच की टँकवरचे बंद झाकण काढा. त्याच्याखाली दमट गरम हवा कोंडते आणि दिव्याची उष्णता वेगळी. त्याजागी प्लास्टिकची जाळी ताणून बांधा, मॉली उडी मारतात. एक छोटा टेबल पंखा असा ठेवा की वारा पाण्याच्या पृष्ठभागावरून तिरपा जाईल आणि पाणी थरथरताना दिसेल. वायर खाली लोंबती ठेवा, म्हणजे पाण्याचा थेंब प्लगपर्यंत पोचणार नाही. कूलरच्या झोतात टँक असेल तर वेगळा पंखा नकोच. एअर पंपाचे बुडबुडे जाड आणि जोरात असू द्या, कारण ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभाग ढवळल्याने मिळतो. दिवा दुपारी बंद. पश्चिमेच्या खिडकीजवळ टँक असेल तर उन्हाळ्यापुरता जाड पडदा लावा. बर्फाचे तुकडे टाकू नका. अगदीच वेळ आली तर गोठवलेली बंद बाटली अर्धा तास तरंगत ठेवा, कारण तापमान झपाट्याने वरखाली होणे हे गरमीपेक्षा वाईट.

पंखा लावला की पाणी रोज लिटरभर किंवा जास्तही कमी होईल. इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. उडते ते नुसते पाणी, क्षार मागेच राहतात. रोज बोअरचे पाणी वर घालत राहिलात तर महिनाभरात टँक खारट-जड होतो. म्हणून उडालेल्या पाण्याची भर घरच्या आरओच्या पिण्याच्या पाण्याने करा. आरओच्या दुसऱ्या नळीतून येणारे वाया जाणारे पाणी मात्र नको, त्यात क्षार सगळ्यात जास्त असतात. आणि संपूर्ण टँक आरओच्या पाण्याने भरू नका, त्याने पीएच अचानक घसरतो.

लाइट जास्त वेळ गेली तर बॅटरीवरचा एअर पंप हाताशी असावा. नसेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी मग्गा भरून फूटभर उंचीवरून पाणी परत टँकमध्ये ओता. त्या वेळी खाणे अजिबात नाही.

आणि एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण पावसाळ्यात मला सगळ्यात जास्त फोन याच्यामुळे येतात. डासांचा स्प्रे, लिक्विड मशीन आणि धूरफवारणी यांत जी औषधे असतात ती माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारतात. एअर पंप खोलीतली हवा थेट पाण्यात ढकलतो, त्यामुळे विष सरळ आत जाते. टँकच्या खोलीत स्प्रे मारू नका. बाहेर धुराची गाडी आली की खिडकी आणि कूलर बंद करा, टँकवर ओले फडके टाका आणि एअर पंप तेवढ्यापुरता थांबवा. धूर विरला की लगेच पुन्हा चालू. कूलरमध्ये सुगंधाची बाटली ओतत असाल तर टँकच्या खोलीत तेही टाळा.

हिवाळ्याचे नंतर बघू. डिसेंबरात तुमच्या टँकला ५० वॅटचा हीटर लागेल एवढे लक्षात ठेवा.

आत्ता नवा मासा एकही घेऊ नका, सवलतीत मिळाला तरी. आजपासून धुणे थांबवले तर सहा आठवडे जूनच्या मध्यावर पुरे होतात. नागपुरात पाऊसही त्याच सुमारास येतो आणि पाण्याचे तापमान आपोआप उतरते. तोवर तीन मॉलींवर टँक चालू द्या, जिवाणूंना तेवढा अमोनिया पुरतो. अमोनिया आणि नायट्राइट सलग आठवडाभर शून्य दिसले की दोन बटू गोरामी आणा, एक नर, एक मादी. दोन नर भांडतात. नराच्या अंगावर निळे-लाल पट्टे ठळक असतात, मादी फिकट चंदेरी. पिशवी वीस मिनिटे टँकमध्ये तरंगत ठेवा, मग जाळीने मासे सोडा आणि पिशवीतले पाणी फेकून द्या. त्यानंतर दहा दिवस काहीच आणायचे नाही, फक्त मोजायचे. आकडे शून्यावरच राहिले तर सहा झेब्रा डॅनिओ, आणि तिथे त्या टँकची भरती संपली.